युक्रेनमधली शेवटची इयत्ता: युद्ध चालू असताना शाळा कशी संपते

प्रश्न कोल्हापूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या बाईंचा आहे. त्यांच्या बारावीच्या मुलांची युक्रेनमधल्या एका शाळेच्या शेवटच्या वर्गाशी व्हिडिओवर भेट ठरते आहे. त्या विचारतात, ‘तिथली मुलं युद्धात शाळा कशी संपवतात? परीक्षेच्या मधेच हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला तर काय होतं? पुढचं कशाच्या भरवशावर ठरवतात? आणि आमच्या मुलांनी त्यांना काय विचारावं, काय विचारू नये?’

बाई, चौथ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या तिनांत दडलेलं आहे, म्हणून आधी ते तीन नीट बघू.

युक्रेनमध्ये शाळा अकरावीला संपते. मुलं तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असतात. गुण बारापैकी देतात. बारावीचा वर्गही येतो आहे, पण नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी बारावी करून बाहेर पडेल ती २०३० साली. आता २०२५ मध्ये शाळा संपवलेल्या तुकडीचा हिशेब मांडा. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा ही मुलं सहावीत होती. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केलं तेव्हा आठवीत. म्हणजे युद्धाच्या आघाडीजवळच्या शहरातल्या मुलाने सहावीनंतर सलग एक आख्खं वर्ष वर्गात, बाकावर, शेजारी मित्र घेऊन काढलेलंच नाही. तुमची मुलं बोलतील तेव्हा समोरच्या मुलाला आपल्याच वर्गातल्या चार-पाच जणांची उंची माहीत नसेल. इतकी वर्षं ती एकमेकांना छातीपर्यंतच दिसली आहेत, पडद्यावर.

शाळा प्रत्यक्ष भरते की नाही, हे तिथं हल्ल्याच्या वेळी आसरा घ्यायचं तळघर ठरवतं. तळघरात जेवढी मुलं मावतात तेवढीच एका वेळी इमारतीत घेता येतात. सहाशेची शाळा आणि दोनशेचं तळघर असेल, तर मुलांचे तीन गट पाडावे लागतात: कोणी सकाळी, कोणी दुपारी, कोणी आठवड्याआड, आणि उरलेल्या वेळी ऑनलाइन. शेवटच्या वर्गाला यात थोडं झुकतं माप द्यावं की पहिलीच्या मुलांना, यावर शाळाशाळांत खरोखर वाद होतात. दोन्ही बाजू बरोबर आहेत. पहिलीतलं मूल पडद्यावर अक्षर गिरवायला शिकत नाही, आणि अकरावीतल्या मुलाला दुसरं वर्ष मिळत नाही.

खार्किवची गोष्ट आणखी वेगळी. हे शहर रशियाच्या सीमेपासून तीसेक किलोमीटरवर आहे. सीमेपलीकडून सुटलेलं क्षेपणास्त्र एखाद्या मिनिटाच्या आत शहरावर येतं, त्यामुळे कधीकधी स्फोट आधी होतो आणि भोंगा नंतर वाजतो. ‘भोंगा झाला की खाली जायचं’ ही पद्धत तिथं चालतच नाही. वर्ग आधीपासूनच खाली असावा लागतो. म्हणून सप्टेंबर २०२३ पासून तिथं मेट्रोच्या स्थानकांत वर्ग भरू लागले. पाच स्थानकांत साठ वर्गखोल्या उभ्या केल्या आणि हजारावर मुलं तिथं शिकू लागली. मे २०२४ मध्ये शहरातली मुद्दाम जमिनीखाली बांधलेली पहिली शाळा सुरू झाली, दोन पाळ्यांत मिळून नऊशे मुलांसाठी. आघाडीजवळच्या झापोरीझ्झ्या शहरातही अशा शाळा बांधल्या गेल्या.

घरी असताना ‘दोन भिंतींचा नियम’ पाळतात. तुम्ही आणि रस्ता यांच्या मधे किमान दोन भिंती हव्यात. पहिली भिंत स्फोटाचा दणका खाते, दुसरी उडालेले तुकडे अडवते. ज्या खोलीला खिडकी आहे ती या हिशेबात बसत नाही, म्हणून उरतो तो बोळ, नाहीतर न्हाणीघर. व्हिडिओवर एखादी मुलगी जमिनीवर मांडी घालून, मागे कोटांची खुंटी आणि बुटांची मांडणी अशी दिसली, तर ती घराच्या मधल्या बोळात बसली आहे. तिथंच तिने त्रिकोणमिती केलेली असते.

आणि लोडशेडिंग. हा शब्द महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. १० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने वीजकेंद्रं आणि उपकेंद्रांवर नेमाने हल्ले सुरू केले, आणि दर हिवाळ्यात वीज वेळापत्रकाने येऊ-जाऊ लागली. ऑनलाइन शाळेचा जीव इथं अडकतो, म्हणून थोडं बारकाईने सांगणं जरूर आहे. घरातल्या राउटरला साधारण १० वॉट लागतात. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत कागदावर ७४ वॉट-तास असतात (आतल्या सेलचे ३.७ व्होल्ट गुणिले २० अँपिअर-तास). व्होल्टेज चढवताना आणि उष्णतेत जातं ते वजा करता हाती पन्नासच्या आसपास उरतात. म्हणजे पाच तास, शाळेची एक पाळी. पण पॉवर बँक ५ व्होल्ट देते आणि बरेच राउटर १२ व्होल्ट मागतात. मधे व्होल्टेज चढवणारी केबल लागते. इथं नेहमी होणारी चूक म्हणजे ९ व्होल्टची केबल १२ च्या राउटरला लावणं. दिवा लागतो, सगळं ठीक वाटतं, आणि वर्गात चार जण एकदम बोलायला लागले, भार वाढला की राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. मुलाला वाटतं इंटरनेट वाईट आहे. दुसरी गोष्ट, ऑप्टिकल फायबरची जोडणी. पुरवठादाराच्या केंद्रापासून घरापर्यंत मधे विजेवर चालणारं उपकरण नसेल, तर दोन्ही टोकांना वीज मिळाली की पुरे. गल्लीतल्या डब्यातल्या स्विचवर चालणारी जुनी जोडणी मात्र त्या डब्याची बॅटरी संपताच मरते. म्हणून ज्यांना जमलं त्यांनी फायबर घेतलं, आणि ज्यांना नाही ते सरकारने आणि पालिकांनी उघडलेल्या ‘पुंक्त नेझ्लाम्नोस्ती’त जाऊन बसतात. नावाचा अर्थ ‘न मोडण्याचं ठिकाण’. तिथं जनरेटर, ऊब, गरम चहा आणि इंटरनेट असतं.

आता परीक्षा. २००८ पासून विद्यापीठ प्रवेशासाठी देशभर एकच बाह्य परीक्षा होती, कागदावर, प्रत्येक विषयाला वेगळा दिवस. २०२२ च्या वसंतात ते अशक्य झालं. हजारो शाळांत गोपनीय प्रश्नपत्रिका पोचवायच्या कशा, आणि एकाच मुलाला चार वेगवेगळ्या दिवशी धोक्याच्या रस्त्याने केंद्रावर आणायचं कसं? शालान्त परीक्षा माफ केली गेली. प्रवेशासाठी मात्र एक नवी चाचणी उभी केली: संगणकावर, सगळे विषय एकाच दिवशी, तळघर असलेल्या केंद्रांवर, आणि देश सोडून गेलेल्या मुलांसाठी परदेशातल्या शहरांतही. तिला एनएमटी म्हणतात, राष्ट्रीय बहुविषयक चाचणी. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पहिली झाली: युक्रेनी भाषा, गणित आणि युक्रेनचा इतिहास, प्रत्येकी २० प्रश्न, एकूण १२० मिनिटं. २०२४ पासून विषय चार झाले. आधीचे तीन सक्तीचे, चौथा निवडीचा: युक्रेनी साहित्य, परकी भाषा, जीवशास्त्र, भूगोल, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र. वेळ २४० मिनिटं, मधे २० मिनिटांची सुट्टी.

त्या वर्षीच्या पेपरांची बांधणी अशी. गणितात २२ प्रश्न, ३२ गुण. १५ प्रश्न पाचातून एक निवडायचे, प्रत्येकी एक गुण. ३ जोड्या लावायचे, प्रत्येकी तीन. आणि ४ प्रश्नांत उत्तर स्वतः काढून आकडा भरायचा, प्रत्येकी दोन. सूत्रांचं पान पडद्यावर मिळतं. युक्रेनी भाषेत ३० प्रश्न, ४५ गुण. इतिहासात ३० प्रश्न, ५४ गुण. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे कोरा सोडलेला प्रश्न हा शुद्ध तोटा. तरी मुलं कोरे सोडतात. सगळ्यात जास्त वाया जातात ते गणितातले ते चार प्रश्न. वर्षानुवर्षं पडद्यावर पर्याय निवडून शिकलेल्या मुलाला शेवटपर्यंत आकडेमोड पुरी करण्याचा सराव राहिलेला नसतो. रीत येते, उत्तर चुकतं. तयारीत रोज तीन-चार प्रश्न कागदावर, पर्यायांशिवाय, शेवटच्या आकड्यापर्यंत सोडवून घेणं, एवढ्या एका सवयीने ही गळती थांबते.

चाचणी संपताच मिळालेले कच्चे गुण पडद्यावर दिसतात. पुढे त्यांचं १०० ते २०० च्या मोजपट्टीवर रूपांतर होतं.

भोंगा वाजला तर? चाचणी थांबते, सगळे तळघरात जातात. इशारा दोन तासांच्या आत उठला तर परत येऊन जिथं थांबले तिथून पुढे सुरू. त्याहून लांबला तर त्या पाळीला दुसरा दिवस मिळतो. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात दीड तास तळघरात बसून आलेल्या मुलाला तोच अर्धवट सोडवलेला प्रश्न समोर दिसतो आणि आपण काय विचार करत होतो ते आठवत नाही. म्हणून चांगले शिक्षक एक साधी गोष्ट शिकवतात: भोंगा ऐकू आला की उठण्याआधी हातातल्या कच्च्या कागदावर एक ओळ लिही, ‘इथवर आलो, आता हे करायचं’. आणि तळघरात उत्तरांची चर्चा करू नकोस. पाणी पी, चाल, बस. आणखी एक घोटाळा नावाचा. पासपोर्टवर एक स्पेलिंग, शाळेच्या कागदांत दुसरं, आणि मधल्या काळात घर बदललेलं, शाळा बदललेली, मूळ नोंदवही उद्ध्वस्त इमारतीत राहिलेली. नोंदणी मार्चमध्ये असते, मुख्य सत्र मेच्या मध्यापासून जूनअखेरीपर्यंत चालतं, आणि रास्त कारणाने चुकलेल्यांना जुलैत जादा सत्र असतं. कागद जुळवण्याचं काम मार्चमध्ये सुरू करणारा उशीर करतो. ते हिवाळ्यातच हाती घ्यावं लागतं.

माझं स्पष्ट मत असं की २०२२ मध्ये त्या देशाने घेतलेल्या निर्णयांत ही परीक्षा ठेवण्याचा निर्णय फार मोलाचा होता. सगळ्यांना शाळेच्या गुणांवर पुढे ढकलणं सोपं होतं, आणि काही शाखांत पैसे भरून शिकणाऱ्यांना त्या वर्षी फक्त प्रेरणापत्रावर (ही शाखा का हवी ते सांगणाऱ्या पत्रावर) प्रवेश दिलाही गेला. पण मुलांना एक तारीख हवी असते. बाकी कशाचीच खात्री नसताना ‘तुझी पाळी अमुक दिवशी, अमुक शहरात’ असा निरोप आला की घर सावरतं. आई प्रवासाचं बघते, मूल दिवस मोजून धडे वाटून घेतं. या वयात उमेद असते ती अशा तारखेला टांगलेली.

त्यानंतरचा टप्पा तुमच्या मुलांना चटकन कळेल, कारण तो आपल्याकडच्या कॅप राउंडच्या ऑप्शन फॉर्मसारखाच आहे. सरकारी खर्चाच्या जागांसाठी जास्तीत जास्त पाच अर्ज, पसंतीक्रमाने. गुणवत्तेत बसणाऱ्या अर्जांपैकी सगळ्यात वरच्या पसंतीची जागा संगणक देतो. म्हणजे सगळ्यात हवी ती जागा पहिली लिहायची, मग ती मिळायची शक्यता कितीही कमी असो. खात्रीची जागा शेवटी. आपल्याकडे जी चूक होते तीच तिथं होते. घाबरून खात्रीची जागा पहिली टाकली जाते, ती मिळते, आणि वरचं दार आपल्याच हाताने बंद होतं. युद्धात ही चूक जास्त होते, कारण घरातले म्हणतात, ‘आता कुठलं मोठं स्वप्न, मिळेल ते घे.’

गुणांच्या हिशेबात एक युद्धकालीन गोष्ट आहे, प्रादेशिक गुणक. २०२४ च्या नियमांप्रमाणे राजधानी कीव्हमधल्या विद्यापीठाला अर्ज केला तर गुण १.०० ने गुणले जातात. खार्किव, सुमी, चेर्निहिव, झापोरीझ्झ्या, मिकोलाइव, खेर्सोन अशा भागांसाठी १.०७ ने, बाकीच्यांसाठी १.०४ ने. एखादीचे चार विषयांचे भारित गुण १६० असतील, तर कीव्हमध्ये ते १६० राहतात, पश्चिमेकडच्या ल्विवमध्ये १६६.४ होतात आणि खार्किवमध्ये १७१.२. वैद्यकीयसाठी किमान १५० लागतात. आघाडीजवळची विद्यापीठं ओस पडू नयेत हा यामागचा हेतू. त्यामुळे मुलीसमोर प्रश्न असा येतो: हवी ती शाखा खार्किवला फुकट, का नको ती शाखा ल्विवला, का हवी ती शाखा कीव्हला पैसे भरून? पैसे भरणाऱ्यांना २०२४ पासून चांगल्या गुणांवर वर्षाला १५,००० ते २५,००० ह्रिव्निया (तिथलं चलन) सरकारी मदत मिळू लागली, पण त्यात राहण्याचा खर्च बसत नाही. अशा वेळी विद्यापीठाला विचारायचे प्रश्न ठरलेले असावेत. तास प्रत्यक्ष होतात का ऑनलाइन? वसतिगृहाच्या तळघरात तिथं राहणारे सगळे मावतात का? जनरेटर आहे का, आणि तो प्रयोगशाळेलाही वीज देतो का फक्त दिव्यांना? विद्यापीठ नकाशावर जिथं आहे तिथंच भरतं का? शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल. पण दोनेत्स्कचं विद्यापीठ २०१४ पासून विन्नित्सियाला आहे, मारिउपोलचं २०२२ पासून कीव्हला, खेर्सोनचं इवानो-फ्रान्किव्स्कला. गाव हातचं गेलं तरी विद्यापीठ नाव घेऊन चालत राहिलं. मारिउपोलची मुलं दुसऱ्या शहरात राहून आपल्या गावच्या नावाची पदवी घेतात, आणि ती मुद्दाम घेतात.

मुलगे आणि मुली यांच्या वाटा इथं फुटतात. ज्या वर्षी मुलाला सतरावं लागतं त्या वर्षी त्याची लष्करी नोंद होते. युद्ध सुरू झाल्यापासून १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती. सक्तीच्या भरतीचं वय एप्रिल २०२४ मध्ये २७ वरून २५ वर आलं, म्हणजे अठराव्या वर्षी कोणी उचलून नेत नाही. पण दार बंद होतं. म्हणून घरोघरी मुलाच्या अठराव्या वाढदिवसाची तारीख ही खरी अंतिम मुदत बनली. एप्रिलमध्ये जन्मलेला आणि नोव्हेंबरमध्ये जन्मलेला, एकाच बाकावरचे दोघे, यांचं आयुष्य वेगळ्या वाटेने गेलं. कित्येक आईबापांनी मुलाला दहावी-अकरावीच्या मधूनच उचलून पोलंड-जर्मनीला नेलं. २८ ऑगस्ट २०२५ पासून २२ वर्षांपर्यंतच्या मुलांना सीमा ओलांडायची मुभा मिळाली. सरकारचं म्हणणं असं की त्यामुळे मुलं निदान शाळा तरी पुरी करतील. दुसरीकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये १८ ते २४ वयासाठी एक वर्षाचा ऐच्छिक लष्करी करार आला, दहा लाख ह्रिव्नियांचा. या सगळ्यात सतरा वर्षांच्या मुलाने ‘मला आर्किटेक्ट व्हायचंय’ एवढंच म्हटलं, तरी त्यामागे किती आकडेमोड झालेली असते ते ध्यानात घ्या.

परदेशात गेलेल्यांचं ओझं वेगळं. सकाळी पोलिश किंवा जर्मन शाळा, संध्याकाळी युक्रेनी शाळा ऑनलाइन. पुढे यावर तोड निघाली: गणित-विज्ञानाचे तिथले गुण धरायचे आणि युक्रेनी शाळेत फक्त भाषा, साहित्य, इतिहास, भूगोल असे विषय आठवड्याला सहा-आठ तास शिकायचे. ज्यांनी दोन्ही शाळा पूर्ण चालवल्या ती मुलं अकरावीपर्यंत थकून गेली. परतायचं का राहायचं हे ठरत नव्हतं, म्हणून दोन्ही दोर हातात धरून ठेवले.

रशियाने व्यापलेल्या भागातल्या मुलांबद्दल कमीच बोललेलं बरं, पण वगळून चालणार नाही. तिथं दिवसा रशियन शाळा सक्तीची, आणि युक्रेनी शाळा लपून, पडद्यावर; फोन तपासला गेला तर घर धोक्यात. ही मुलं बाहेर पडली की त्यांच्यासाठी विद्यापीठांत ‘क्रिम-युक्रेन’ आणि ‘दोनबास-युक्रेन’ नावाची केंद्रं आहेत. ती एनएमटीशिवाय, साध्या तपासणीवर शाळेचा दाखला आणि राखीव जागेवर प्रवेश मिळवून देतात. तुमच्या भेटीत कोणी आपल्या गावाचं नाव सांगायला कचरलं, तर तो विषय तिथंच सोडा.

निरोप समारंभाबद्दल मुलं नक्की बोलतील, आणि बोलू द्या. ‘शेवटची घंटा’ ही तिकडची जुनी रीत. अकरावीतला उंच मुलगा पहिलीतल्या एखाद्या मुलीला खांद्यावर बसवतो, ती हातातली पितळी घंटा वाजवत मैदानाला फेरी मारते. मुलींनी भरतकामाचे सदरे घातलेले, सगळ्यांच्या खांद्यावरून तिरपा पट्टा. मग वॉल्ट्झ नाच, त्यासाठी महिनाभर तालमी. आणि रात्रभर जागून नदीकाठी किंवा टेकडीवर सूर्योदय बघणं. संचारबंदीमुळे सूर्योदय गेला. ऑनलाइन शाळांत खांद्यावर बसवायला पहिलीतली मुलगी उरली नाही. वॉल्ट्झ मात्र टिकला. जून २०२२ मध्ये खार्किवच्या १३४ क्रमांकाच्या शाळेची मुलं आपल्या शाळेच्या पडक्या इमारतीसमोर नाचली. फेब्रुवारीअखेरीच्या लढाईत ती शाळा जळाली होती. मागे नुसते खिडक्यांचे चौकोन, पुढे मोकळ्या जागेत जोड्या. चेर्निहिवच्या मुलांनी त्याच उन्हाळ्यात पट्टे घालून ढिगाऱ्यांवर आणि जळक्या रणगाड्यांवर उभं राहून निरोपाचे फोटो काढून घेतले. ते बघून परदेशात काहींना अप्रशस्त वाटलं. मला तसं मुळीच वाटत नाही. ज्या जागी त्यांची शाळा-गाव होतं तिथंच त्यांनी निरोप घेतला. आता कित्येक शाळांत समारंभाच्या पोशाखाचे, हॉलचे पैसे वाचवून सैन्यासाठी देतात.

ही मुलं काय व्हायचं म्हणतात? मानसशास्त्र, हे उत्तर वरचेवर मिळेल. फिजिओथेरपी आणि कृत्रिम अवयव, बांधकाम, ड्रोन आणि संगणक, आणि अर्थात वैद्यक. समोर जी गरज दिसते तिकडे वळणं साहजिक आहे, आणि त्यात एक धोकाही आहे. सतरा वर्षांची मुलगी वडिलांच्या जखमेमुळे पुनर्वसनाकडे वळते, पण चार वर्षांनी तिला रोज त्याच जखमेसमोर उभं राहायचं असतं. समुपदेशनात म्हणून एक प्रश्न विचारतात: युद्ध नसतं तर काय निवडलं असतंस? दोन्ही उत्तरं जुळली तर पुढे जावं. नाही जुळली तर पाच पसंत्यांत निदान एक त्या दुसऱ्या उत्तराची ठेवावी. ‘पिस्ल्या पेरेमोही’, विजयानंतर, हे शब्द २०२२ मध्ये जिकडेतिकडे ऐकू येत. ‘विजयानंतर समुद्रावर जाऊ, विजयानंतर शिकू.’ ज्यांनी सगळं त्या दिवसावर ढकललं त्यांची दोन वर्षं हातातून गेली. ज्यांनी मार्चमधली नोंदणी, जूनमधली पाळी, ऑगस्टमधला प्रवेश एवढंच समोर ठेवलं, ती पुढे सरकली.

कोल्हापूरकरांना ही मुलं परकी वाटायचं कारण नाही. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्या वेळच्या पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सैबेरिया-कझाकस्तानात हाकलली. तो मुलूख आज मोठ्या प्रमाणात पश्चिम युक्रेन आहे, ल्विवसुद्धा. त्यातून वाचलेले काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले, आणि १९४३ पासून पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, तुमच्या शेजारी वळिवड्याच्या छावणीत राहिले, १९४८ पर्यंत. छावणीत त्यांनी प्राथमिक शाळाच नाही तर माध्यमिक शाळाही चालवली. त्या मुलांनी महायुद्ध चालू असताना पंचगंगेच्या काठच्या उन्हात आपल्या भाषेत शाळा संपवली, परत कुठं जायचं हे ठाऊक नसताना. वॉर्सॉत कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. तुमच्या मुलांनी भेटीआधी एकदा वळिवड्याला जाऊन यावं, दोन फोटो काढावेत आणि बोलायची सुरुवात तिथून करावी. ती खऱ्या नात्याची सुरुवात होईल.

भेटीची वेळ ठरवताना: उन्हाळ्यात युक्रेन आपल्या अडीच तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतीन. मेमध्ये त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेअकरा. एक तासाची भेट ठरवा आणि मधे तुटेल हे धरून चाला. भोंगा झाला तर मुलं एक शब्द न बोलता उठून जातील; त्यात उद्धटपणा काही नाही. वाट बघा, हाका मारू नका. परत आली की ‘घाबरलात का?’ असं न विचारता जिथं थांबलात तिथून पुढे बोला, त्यांच्या परीक्षेतही असंच करतात. नमस्काराला ‘दोब्री देन’ म्हणा. ते युक्रेनी आहे.

काय विचारू नये ते थोडकंच आहे. वडील कुठं आहेत, हे नको. ते आघाडीवर, बेपत्ता किंवा गेलेले असू शकतात. शाळा नेमकी कुठं, तळघर कुठं, कोणत्या दिवशी किती मुलं असतात, हे तर अजिबात नको, आणि भेटीचे स्क्रीनशॉट समाजमाध्यमांवर टाकू नयेत. खिडकीतून दिसणाऱ्या इमारतीवरूनही जागा ओळखता येते. ‘युद्ध कधी संपेल?’ हे तीही आपल्याला विचारू शकतील, उत्तर कोणाकडेच नाही.

विचारावं ते भरपूर आहे. चौथा विषय कोणता घेतलास? पसंतीक्रमात पहिलं काय टाकलंस? गणिताचे ते चार प्रश्न सुटतात का? वॉल्ट्झला जोडीदार कोण? तुमची मुलं सीईटी आणि कॅप राउंडमधून जाणार आहेत. आपल्या कटऑफच्या धास्त्या त्यांनी मोकळेपणाने सांगाव्यात, लाजून लपवू नयेत. समोरच्या मुलांना दया नको असते, बरोबरीचं कोणी बोललेलं हवं असतं. आणि फोन ठेवण्याआधी पुढच्या भेटीचा दिवस आणि वेळ दोन्ही घड्याळांप्रमाणे फळ्यावर लिहून, कॅमेऱ्यासमोर धरून, त्यांना वहीत उतरवून घ्यायला सांगा. एनएमटीचे निकाल जूनअखेरीनंतर लागतात. तो आठवडा धरा.